स्टॅट्सबॉम्बचा मोफत सामना-डेटा: संघाचे डावपेच आणि खेळाडू पारखणाऱ्यांसाठी एक परीक्षण

फुटबॉलमध्ये संघाची आणि खेळाडूची पारख करण्याचे काम, ज्याला मैदानावर सगळेच स्काउटिंग म्हणतात, ते शिकू पाहणाऱ्याला आज एक रुपयाही खर्च न करता मिळणाऱ्या साधनांमध्ये स्टॅट्सबॉम्ब या कंपनीने खुला केलेला सामना-डेटा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तरीही त्याचे कौतुक करताना तो नेमका कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे स्पष्ट सांगितले नाही तर नवशिक्या विश्लेषकाची दिशाभूल होईल. म्हणून हे परीक्षण मी दोन प्रत्यक्ष कामांभोवती लिहीत आहे. पहिले काम म्हणजे २०२२ च्या विश्वचषकातील मोरोक्को संघाचे डावपेच ओळखणे, आणि दुसरे म्हणजे २०२१-२२ च्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळलेल्या लिस्टन कुलासो या मूळच्या गोव्याच्या विंगरची, म्हणजे कडेने आक्रमण करणाऱ्या खेळाडूची, पारख करणे. माझे मत आधीच नोंदवतो: चेंडू ताब्यात असतानाचा खेळ समजून घेण्यासाठी हा डेटा उत्कृष्ट आहे, पण चेंडू ताब्यात नसतानाच्या खेळाबद्दल तो अपुरा आहे, आणि प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करणाऱ्याला प्रशिक्षक बहुतेक वेळा याच दुसऱ्या भागाबद्दल विचारत असतो.

स्टॅट्सबॉम्बची सुरुवात २०१३ मध्ये टेड नटसन यांनी फुटबॉल विश्लेषणाच्या लेखनासाठी काढलेल्या संकेतस्थळापासून झाली. पुढे त्याची डेटा गोळा करून क्लबांना विकणारी कंपनी झाली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेतील हडल या कंपनीने ती विकत घेतली. क्लबांच्या स्काउटिंग विभागांत सामन्यांच्या चित्रफिती पाहण्यासाठी जगभर वापरले जाणारे वायस्काउटही २०१९ पासून याच हडलकडे आहे. स्टॅट्सबॉम्बचा मुख्य डेटा अर्थातच विकत घ्यावा लागतो, पण निवडक स्पर्धांचा डेटा कंपनीने गिटहब या फाइली सामायिक करण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवला आहे. त्याची प्रत कमी केलेली नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण नोंदींचा साचा आणि तपशील व्यावसायिक विश्लेषक वापरतात तसाच आहे, आणि त्यावर हात बसलेला विद्यार्थी उद्या एखाद्या क्लबात गेला तर त्याला हे काम नव्याने शिकावे लागणार नाही.

एका सामन्याच्या फाइलमध्ये साधारणपणे ३,००० हून अधिक नोंदी असतात. पास, चेंडू स्वीकारणे, चेंडू पायात घेऊन पुढे नेणे, ड्रिबल, टॅकल, चेंडू अडवणे, शॉट, फाउल, बदली खेळाडू अशा प्रत्येक घटनेला वेळ, खेळाडूचे नाव आणि मैदानावरची जागा जोडलेली असते. पास उंच होता की जमिनीलगत, डाव्या पायाने दिला की उजव्या, आणि देताना अंगावर प्रतिस्पर्धी होता की नव्हता, हेही लिहिलेले असते. इतर मोफत ठिकाणी गोल, पास आणि टॅकल यांच्या बेरजा मिळतात, पण चेंडू असलेल्या खेळाडूवर कोणी, कुठे आणि किती वेळ दबाव टाकला याची स्वतंत्र नोंद सहसा मिळत नाही. इथे ती मिळते, आणि प्रेसिंगचा, म्हणजे चेंडू हिरावण्यासाठी टाकलेल्या दबावाचा, अभ्यास करणाऱ्यासाठी एवढे एक कारणसुद्धा हा डेटा वापरायला पुरेसे आहे. शॉटच्या नोंदीत त्या क्षणी गोलरक्षक आणि आसपासचे खेळाडू कुठे उभे होते तेही नावांसह दिलेले असते. शॉटमधून गोल होण्याची शक्यता सांगणारा अपेक्षित गोलाचा आकडा ठरवताना याच जागांचा विचार होतो, त्यामुळे मोकळ्या जागेतून मारलेला शॉट आणि तीन बचावपटूंच्या गर्दीतून मारलेला शॉट इथे एकाच मापाने मोजले जात नाहीत.

मैदानाच्या मापाबद्दल मात्र सुरुवातीलाच सावध राहावे लागते. प्रत्येक मैदान १२० बाय ८० यार्डांच्या चौकटीत बसवलेले असते. प्रत्यक्षात १०५ बाय ६८ मीटरचे प्रमाणित मैदान जवळपास ११५ बाय ७४ यार्डांचे भरते, म्हणून डेटातली अंतरे खऱ्या अंतरांपेक्षा थोडी जास्त दिसतात. याशिवाय प्रत्येक संघ त्याच्या स्वतःच्या नोंदींत नेहमी डावीकडून उजवीकडे आक्रमण करताना दाखवलेला असतो. त्यामुळे एका संघाचा पास आणि त्यावर दुसऱ्या संघाने टाकलेला दबाव एकाच नकाशावर मांडायचे असतील तर एका बाजूचे आकडे उलटवून घ्यावे लागतात. ते केले नाही तर नकाशा सुबक निघतो, पण त्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकतो.

कोणत्या स्पर्धा उपलब्ध आहेत, हा पुढचा प्रश्न. पुरुषांचे २०१८ आणि २०२२ चे विश्वचषक, २०२० आणि २०२४ च्या युरो स्पर्धा, महिलांचे २०१९ आणि २०२३ चे विश्वचषक, बायर लेव्हरकुसेनचा २०२३-२४ चा अपराजित बुंडेसलिगा हंगाम, लिओनेल मेस्सीची बार्सिलोनातील संपूर्ण ला लिगा कारकीर्द, आणि भारतीय वाचकासाठी आनंदाची गोष्ट म्हणजे २०२१-२२ च्या इंडियन सुपर लीगचे सर्व ११५ सामने त्यात आहेत. मेस्सीच्या डेटाचा मोह अनेकांना पडतो, परंतु स्काउटिंग शिकण्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. २०१५-१६ चा हंगाम सोडला तर त्यात इतर संघ फक्त बार्सिलोनाविरुद्ध खेळताना दिसतात, आणि बार्सिलोनाविरुद्ध कोणताही संघ त्याचा नेहमीचा खेळ खेळत नव्हता. उदाहरणार्थ, तेवढ्यावरून सेव्हियाचे डावपेच लिहू पाहणारा माणूस प्रत्यक्षात बार्सिलोनाला घाबरलेल्या सेव्हियाचे वर्णन लिहीत असतो. ज्या स्पर्धेतले सर्व सामने उपलब्ध आहेत तिथूनच सुरुवात करणे योग्य.

आता मोरोक्को. वालिद रेग्रागुई यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये संघाची सूत्रे हाती घेतली, आणि काही महिन्यांत हा संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आफ्रिकी संघ ठरला. उपांत्य फेरीपर्यंत त्यांच्यावर झालेला एकमेव गोल हा कॅनडाविरुद्ध नायेफ अगेर्दकडून झालेला स्वयंगोल होता. अशा संघाचा अभ्यास करताना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. ते चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात हिरावतात, बचावफळी किती पुढे उभी राहते, चेंडू मिळाल्यावर पहिला पास कोणाकडे जातो, आणि गोल खाल्ल्यावर रचना कशी बदलते? या प्रश्नांच्या उत्तरांत डेटाची ताकद आणि मर्यादा दोन्ही उघड होतात, म्हणून मी मुद्दाम हा संघ निवडला.

६ डिसेंबर २०२२ रोजी एज्युकेशन सिटी स्टेडियमवर झालेल्या स्पेनविरुद्धच्या सामन्याची फाइल उघडावी. १२० मिनिटांत स्पेनने हजाराहून अधिक पास दिले, लक्ष्यावर एकच शॉट मारला, सामना ०-० असा सुटला आणि पेनल्टींवर मोरोक्कोने ३-० असा विजय मिळवला. स्पेनचे पास नकाशावर टाकले की चित्र लगेच स्पष्ट होते: रॉड्री आणि लापोर्त या मध्यबचावपटूंपासून दोन्ही कडांपर्यंत पासांची दाटी आहे, आणि गोलक्षेत्रासमोरच्या मधल्या पट्ट्यात ती विरळ होत जाते. प्रतिस्पर्ध्याला किती पास देऊ दिल्यावर संघ एक बचावात्मक कृती करतो, हे मोजणारे पीपीडीए नावाचे माप कॉलिन ट्रेनर यांनी २०१४ मध्ये मांडले होते. ते काढले तर मोरोक्कोने समोरच्या अर्ध्यात चेंडूमागे धावणे टाळले, हे आकड्यातही उतरते. त्यांच्या दबावाच्या नोंदी स्वतःच्या अर्ध्यात आणि कडांजवळ जमतात. तिथे अश्रफ हकीमी आणि हकीम झियेश, किंवा दुसऱ्या बाजूला नुसैर मझरावी आणि सोफियान बुफाल, चेंडू असलेल्या खेळाडूला जोडीने रेषेकडे ढकलत होते. एवढे सगळे डेटा उत्तम सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकापुढे ठेवता येईल असा नकाशा थोड्या तासांच्या कामात तयार होतो.

परंतु त्या सामन्यातली सर्वांत निर्णायक गोष्ट या नकाशात दिसत नाही. मोरोक्कोचा आघाडीपटू युसुफ एन-नेसिरी याने बराच वेळ स्पेनच्या मध्यबचावपटूंवर धावून जाण्याऐवजी त्यांचा मध्यरक्षक सर्जिओ बुस्केट्सकडे जाणारी वाट झाकून धरली होती. तो जिथे उभा होता तिथे पास आला नाही, म्हणून दबावाची नोंद झाली नाही, टॅकल झाला नाही, चेंडू अडवलाही गेला नाही. ज्या कामामुळे स्पेनचा मधला पट्टा बंद राहिला, त्या कामाची त्याच्या नावावर घटना म्हणून एकही ओळ पडत नाही. मोरोक्कोचा मध्यरक्षक सोफियान अमराबात चेंडूला भिडत होता म्हणून त्याच्या नोंदी भरगच्च दिसतात, तर एन-नेसिरीच्या तुटपुंज्या. केवळ आकडे वाचणारा विश्लेषक अहवालात लिहील की मोरोक्कोचा आघाडीपटू बचावात फारसा सहभागी होत नाही, आणि तो अहवाल हातात घेऊन पुढच्या सामन्यात उतरणारा प्रशिक्षक पहिल्या १० मिनिटांतच गोंधळून जाईल.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढण्यासाठी स्टॅट्सबॉम्बने २०२१ पासून ३६० नावाचा डेटा आणला, आणि २०२२ च्या विश्वचषकातील सामन्यांसाठी तोही मोफत आहे. बहुतेक घटनांच्या क्षणी प्रक्षेपणाच्या चौकटीत दिसणारे खेळाडू कुठे उभे होते, त्यातले कोण आपले आणि कोण समोरचे, आणि कॅमेऱ्याला मैदानाचा कोणता भाग दिसत होता, हे त्यात असते. लापोर्तने पास दिला त्या क्षणीचे चित्र काढले की बुस्केट्सच्या जवळचा मोरोक्कोचा ठिपका दिसतो, आणि अशी शेकडो चित्रे एकावर एक ठेवली की मधली वाट कशी झाकली गेली होती याचा पुरावा हाती येतो. माझ्या मते या संपूर्ण मोफत साठ्यातला हा सर्वांत मौल्यवान भाग आहे. त्याची अडचण अशी की चेंडू असलेला खेळाडू सोडला तर ठिपक्यांना नावे नसतात, त्यामुळे तो ठिपका एन-नेसिरीचाच आहे हे चित्रफीत पाहूनच ठरवावे लागते. शिवाय कॅमेरा चेंडूमागे फिरत असल्याने मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, किती आत सरकला होता, हे बऱ्याचदा चौकटीबाहेर राहते. बचावफळीची उंची मोजताना तर दिसणारा भाग लक्षात घेतला नाही तर चारपैकी दोनच बचावपटूंवरून सरासरी काढली जाते.

फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात परिस्थिती उलटी झाली, आणि त्यामुळे तो सामना अभ्यासायला तितकाच चांगला आहे. रेग्रागुई यांनी पाच बचावपटूंची रचना निवडली होती, फ्रान्सच्या थिओ हर्नांडेझने ५ व्या मिनिटाला गोल केला, आणि २१ व्या मिनिटाला दुखापतग्रस्त कर्णधार रोमैन साइसच्या जागी सलीम अमल्लाह आल्यावर रचना पुन्हा चार बचावपटूंची झाली. रचनेतला असा बदल डेटात स्वतंत्र घटना म्हणून नोंदलेला असतो. त्यामुळे बदलापूर्वीची आणि नंतरची मिनिटे वेगळी काढून मोरोक्कोने कोणत्या कडेने चेंडू पुढे नेला याची तुलना करता येते. त्या दिवशी चेंडूचा ताबा मोरोक्कोकडे फ्रान्सपेक्षा जास्त होता, म्हणून मागे पडल्यावर हा संघ काय करतो या प्रश्नाला डेटा भरभरून उत्तर देतो. माझा अनुभव असा की एखाद्या बचावात्मक संघाच्या अभ्यासासाठी त्याचा हरलेला सामना जिंकलेल्या सामन्याइतकाच वेळ देऊन पाहावा, कारण हा डेटा तिथे अधिक बोलका असतो.

याच संघातील अझेदिन उनाही हा खेळाडू डेटावरून पारख करू पाहणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. स्पेनचे प्रशिक्षक लुइस एनरिके यांनी सामन्यानंतर मोरोक्कोच्या ८ क्रमांकाच्या खेळाडूने आपल्याला चकित केल्याचे जाहीरपणे सांगितले होते, आणि त्यांना त्याचे नावही आठवत नव्हते. उनाही त्या वेळी फ्रान्सच्या लीगमध्ये तळाशी असलेल्या आंजे संघाकडून खेळत होता. चेंडू पायात घेऊन दोन विरोधकांमधून निसटत ३०-४० यार्ड पुढे जाण्याची त्याची हातोटी डेटात ठळकपणे उमटते. इथे कॅरी, म्हणजे चेंडू पायात घेऊन पुढे नेण्याच्या, नोंदीचा उपयोग कळतो, कारण अशा धावेनंतर त्याने साधा बाजूचा पास दिला तर जुन्या पद्धतीच्या आकडेवारीत त्याच्या नावावर फक्त एक पास पडला असता. जानेवारी २०२३ मध्ये मार्सेलने त्याला घेतले, पण तिथे त्याचे बस्तान अपेक्षेप्रमाणे बसले नाही आणि २०२४ मध्ये तो ग्रीसच्या पानाथिनाइकोसकडे लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, गेला. एका स्पर्धेतले जास्तीत जास्त सात सामने, तेही एका विशिष्ट रचनेत आणि विशिष्ट भूमिकेत, एवढ्यावर खेळाडूबद्दल ठाम मत बनवू नये, असे अनुभवी विश्लेषक नेहमी सांगतात, आणि किमान ९०० मिनिटांच्या खेळाची अट ते याच कारणाने घालतात. विश्वचषकाच्या डेटातून ती अट कोणत्याही खेळाडूची पूर्ण होणे जवळपास अशक्य आहे, हे ध्यानात ठेवावे.

म्हणूनच खेळाडूच्या पारखीसाठी मी इंडियन सुपर लीगच्या हंगामाकडे वळलो, कारण तिथे ही अट सहज पूर्ण होते. लिस्टन कुलासो त्या हंगामात एटीके मोहन बागानकडून खेळला आणि त्याने ८ गोल केले. डाव्या कडेवरून आत शिरून उजव्या पायाने लांबून मारलेले शॉट ही त्याची ओळख, आणि प्रेक्षकांच्या आठवणीत तेच राहतात. त्याचा प्रत्येक शॉट जागा, पाय आणि अपेक्षित गोलाच्या आकड्यासह समोर ठेवला की स्काउटने विचारायचा खरा प्रश्न समोर येतो: लांबून झालेले गोल पुढच्या हंगामातही तेवढेच होतील का, आणि तो शॉट मारण्याऐवजी गोलक्षेत्रातल्या सहकाऱ्याला पास देण्याची संधी त्याच्यापुढे किती वेळा होती? पहिल्या भागाचे उत्तर शोधायला डेटा पुरतो. दुसऱ्या भागासाठी शॉटच्या क्षणीच्या जागा मदत करतात, पण सहकाऱ्याची धाव सुरू झाली होती की तो नुसता उभा होता, हे चित्रफितीशिवाय कळत नाही. या लीगसाठी ३६० डेटा नाही, ही उणीव इथे प्रकर्षाने जाणवते.

त्या हंगामाचा अभ्यास विशेष फलदायी होण्याचे आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये एटीके मोहन बागानचे प्रशिक्षक अँटोनिओ लोपेझ हबास पायउतार झाले, आणि त्यांच्या जागी एफसी गोवा सोडून हुआन फेरांडो आले. गोव्याची जबाबदारी डेरिक परेरा यांच्याकडे गेली. हबास यांची ओळख घट्ट बचाव आणि प्रतिहल्ल्याची, तर फेरांडो यांची मागून चेंडू खेळवत आणण्याची. तोच खेळाडू, तेच सहकारी, तीच स्पर्धा, आणि बदलला तो फक्त प्रशिक्षक, अशी तुलना संशोधकाला क्वचितच आयती मिळते. लिस्टनला चेंडू कुठे मिळतो, तो पाठ गोलाकडे असताना मिळतो की समोर मोकळी जागा असताना, आणि मिळाल्यावर तो पास देतो की धाव घेतो, हे बदलाच्या आधी आणि नंतर वेगळे काढले की खेळाडूचा स्वतःचा गुण कोणता आणि प्रशिक्षकाच्या रचनेने दिलेला लाभ कोणता, यातला फरक हळूहळू उलगडतो. खेळाडू विकत घेणाऱ्या क्लबाला नेमके हेच हवे असते, आणि माझ्या मते खेळाडूची पारख शिकण्यासाठी संपूर्ण मोफत साठ्यात या एका हंगामाइतका शिकवणारा भाग दुसरा नाही.

मात्र तो हंगाम कोणत्या परिस्थितीत झाला, हे फाइल सांगत नाही. महामारीमुळे सगळे सामने गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, खेळवले गेले. संघ हॉटेलांत बंदिस्त होते, साखळी सामन्यांना प्रेक्षक नव्हते, आणि जानेवारी २०२२ मध्ये संसर्गामुळे काही सामने पुढे ढकलावे लागले. डेटातले यजमान आणि पाहुणा हे रकाने त्या वर्षी नावापुरते आहेत. घरच्या मैदानाचा फायदा मोजायला बसलेला विद्यार्थी त्यातून काहीही सिद्ध करू शकणार नाही, आणि जानेवारीनंतर एखाद्या संघाचे प्रेसिंग मंदावलेले दिसले तर ते डावपेच होते की आजारातून उठलेले पाय, हे त्या काळच्या बातम्या वाचूनच ठरवावे लागेल.

स्थिर चेंडूंचा, म्हणजे कॉर्नर, फ्रीकिक आणि थ्रो-इनचा अभ्यास हा या डेटाचा सर्वांत सोपा आणि लगेच फळ देणारा उपयोग आहे. प्रत्येक नोंदीत ती चाल कशातून सुरू झाली हे लिहिलेले असल्याने एखाद्या संघाचे हंगामातले सर्व कॉर्नर काही ओळींच्या आज्ञेत वेगळे काढता येतात आणि चेंडू जवळच्या खांबाकडे जातो की दूरच्या, हे पाहता येते. पेनल्टींचेही तसेच. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यात झालेल्या अंतिम सामन्यात राहुल के. पी. ने केरळा ब्लास्टर्सला आघाडी मिळवून दिली, गोव्याच्या साहिल ताव्होराने ८८ व्या मिनिटाला हैदराबादला बरोबरी साधून दिली, आणि पेनल्टींवर गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या बचावांमुळे हैदराबादने ३-१ असा विजय मिळवला. पेनल्टींच्या नोंदी पाचव्या सत्रात वेगळ्या ठेवलेल्या असतात, मारणाऱ्याचा पाय आणि गोलरक्षकाची कृती त्यात असते. साध्या खेळातल्या पेनल्टीला अपेक्षित गोलाचे मूल्य ०.७८ च्या आसपास दिलेले असते, म्हणून आघाडीपटूची नेमबाजी तपासताना पेनल्टी आधी बाजूला काढाव्यात. त्या हंगामात १८ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणाऱ्या बार्थोलोम्यू ओगबेचेची तुलना इतरांशी करताना हे पथ्य न पाळणारे तक्ते माझ्या पाहण्यात आहेत.

वापरण्याच्या सोयीबद्दल माझे मत मिश्र आहे. डेटा उघडण्यासाठी पायथन किंवा आर या भाषांपैकी एकीची तोंडओळख लागते. कंपनीने स्वतः दिलेले स्टॅट्सबॉम्बपाय आणि मैदानाचे नकाशे काढणारे एमप्लसॉकर ही दोन्ही साधने मोफत आहेत, आणि त्यांच्यासोबतचे नमुने पाहून संगणकाची साधारण सवय असलेला विद्यार्थी काही आठवड्यांत पहिला पास-नकाशा काढू शकतो. ज्याला केवळ एक्सेल येते त्याच्यासाठी मात्र हे दार जवळपास बंदच आहे. प्रत्येक नोंदीचा अर्थ सांगणारी कंपनीची पुस्तिका चांगली आहे, ती आधी वाचावी, कारण ड्रिबल, ड्युएल (दोन खेळाडूंमधली झुंज) आणि रिकव्हरी (सुटलेला चेंडू परत मिळवणे) यांच्या व्याख्या वेगवेगळ्या कंपन्यांत वेगळ्या असतात. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशेजारी ठेवला तर तुलना फसते. चित्रफिती यासोबत येत नाहीत, हा सर्वांत मोठा अडथळा. नोंदीतले मिनिट पाहून सामन्याचे संपूर्ण प्रक्षेपण स्वतः शोधावे लागते, आणि इंडियन सुपर लीगच्या जुन्या सामन्यांच्या बाबतीत ते दरवेळी सापडेलच असे नाही. वायस्काउटसारख्या सशुल्क सेवेत नोंदीवर टिचकी मारताच तो क्षण समोर येतो. ज्या क्लबाकडे पैसे आहेत त्याने अर्थातच ती घ्यावी.

आपल्याकडच्या प्रशिक्षकाला याचा उपयोग काय, हा प्रश्न मला कोल्हापूरच्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने पाहणारा प्रेक्षक खेळाडूला जितका बारकाईने ओळखतो तितका क्वचितच कुठे ओळखत असेल. सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा, आणि तो २०२१-२२ मध्ये हैदराबादकडून खेळल्याने त्याच्या नोंदी या डेटात आहेत. तालीम संघांच्या सामन्यांचा असा डेटा उपलब्ध नाही, परंतु नोंद कशी ठेवायची याची शिस्त इथून उचलता येते. सगळ्या घटना लिहिण्याचा हट्ट न धरता चेंडू कुठे हिरावला, हिरावल्यावर पहिला पास कुठे गेला आणि दबाव कोणी टाकला, एवढ्या तीनच गोष्टी एकाने गॅलरीतून कागदावरच्या मैदानात टिपल्या आणि दुसऱ्याने फक्त चेंडूपासून दूर असलेल्या खेळाडूंवर लक्ष ठेवले, तर पुढच्या सामन्याची तयारी करणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती ठोस माहिती येते. हा दुसरा माणूस मी आवर्जून सुचवतो, कारण एन-नेसिरीसारखे काम करणारा खेळाडू त्यालाच दिसेल.

विश्लेषक होऊ इच्छिणारा विद्यार्थी, शालेय किंवा महाविद्यालयीन संघाचा अभ्यासू प्रशिक्षक आणि आकडेवारीसह लिहू पाहणारा क्रीडा पत्रकार, या तिघांना मी हा डेटा निःसंकोच सुचवतो. पुढच्या आठवड्यात ज्या संघाशी सामना आहे त्याची माहिती हवी असलेल्या प्रशिक्षकाला मात्र याचा थेट उपयोग नाही, कारण चालू हंगामांचा डेटा इथे सहसा नसतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी इंडियन सुपर लीगचा एखादा संघ घेऊन त्याचे सर्व साखळी सामने पाहावेत आणि त्यानंतरच विश्वचषकाच्या ३६० डेटाकडे वळावे. या डेटावर आधारलेले काहीही प्रसिद्ध करताना स्टॅट्सबॉम्बचे नाव आणि बोधचिन्ह देणे बंधनकारक आहे, आणि त्यापासून पैसे कमावण्याचा विचार असेल तर सोबतचा करारनामा आधी नीट वाचावा.